शाळेत न गेलेल्या पोराची पदवी

"काकू, नाना काल परत म्हणाले, पोराचं वाटोळं करताय म्हणून."

"म्हणू देत गं. खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यात अजून सकाळचा भोंगा वाजतो. हजेरी लागली नाही की माणूस वाया, असं त्यांचं गणित. ते मटार घे इकडे, दोघी मिळून सोलू."

"पण पोटात गोळा येतोच हो. पंधरा पूर्ण झाली, शाळेचं तोंड पाहिलं नाही. सारखा लम्हेटा घाटावर. पलंगाखाली दगडांची खोकी, झाडू घालता येत नाही."

"त्यानेच तर मला सांगितलं की ठग पकडणाऱ्या स्लीमनला 1828 साली आपल्या जबलपुरात डायनासोरची हाडं सापडली. जन्म गेला माझा इथे, मला कुठे माहीत होतं!"

"हाडं ठीक आहेत, कॉलेजचं काय? न्यू जर्सीची नणंद म्हणते, क्लेप करा. घरी अभ्यास करायचा, केंद्रावर जाऊन दीड तासाचा पेपर द्यायचा. 80 पैकी 50 आले की पुष्कळ कॉलेजं त्या विषयाची क्रेडिटं देतात. ट्रेंटनला थॉमस एडिसन म्हणून विद्यापीठ आहे, तिथे अशी क्रेडिटं जोडून पदवी घेता येते म्हणे."

"तिचं तिथे ठीक आहे. आपल्याकडे आधी पेपर, मग कॉलेज अशी सरसकट सोय नाही. आपल्याकडे होतं ते प्रायव्हेट. मी बी. ए. तसंच केलं. दोन लेकरं पदरात, विद्यापीठाचा स्वाध्यायी फॉर्म भरायचा, पोरं झोपली की गाईड उघडायचं आणि थेट पेपरला बसायचं."

"मग यालाही प्रायव्हेटच बसवते!"

"मी हिंदी साहित्य घेतलं होतं, बाई. याला जिऑलॉजी हवी. दगड ओळखायला प्रयोगशाळा लागते, फील्डवर जावं लागतं. ते गाईड वाचून होत नाही. आणि त्याच्या आधी बारावी. मुंबईची ती मुलगी आठवते? 2016 मध्ये पेपरात आलं होतं. घरीच शिकलेली. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. प्रोग्रामिंगच्या ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं होती, म्हणून अमेरिकेत एमआयटीने घेतलं."

"आमच्याकडे पदकं नाहीत, खोकी आहेत."

"म्हणून कागद हवा! एनआयओएसचा फॉर्म भर. केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय आहे, 1989 पासूनचं. दहावीला 14 पूर्ण लागतात, म्हणजे हा बसतोच. पाच विषय, पण एका दमात द्यायची सक्ती नाही. नोंदणी 5 वर्षं चालते, त्यात 9 वेळा बसता येतं. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. सुटलेला विषय खात्यात जमा, तो पुन्हा द्यायचा नाही."

"म्हणजे क्रेडिटच की हे!"

"तर काय! फक्त दहावी आणि बारावीच्या सर्टिफिकेटात दोन वर्षांचं अंतर लागतं, तेवढा हिशेब आताच मांड. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घे. नाहीतर ऐन वेळी सायन्सचं दार बंद. प्रॅक्टिकल त्यांच्या अभ्यासकेंद्रावर होतं, ते चुकवायचं नाही."

"आणि ते सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम? तो रात्री व्याख्यानं ऐकत बसतो."

"ऐकू दे, फुकट आहेत. पेपरही देऊ दे, फी भरून. पण ती क्रेडिटं पदवीत धरायला कॉलेजात नाव लागतं आणि कॉलेजचा होकार लागतो. 2021 च्या यूजीसीच्या नियमाने एका सेमिस्टरमध्ये 40 टक्क्यांपर्यंतचे विषय तसे करता येतात. सगळे नाही. आता तर क्रेडिटांची बँकसुद्धा निघाली आहे."

"व्याज देते का?"

"व्याज नाही, मुदत मात्र आहे. साधारण 7 वर्षांत वापरायची, नाहीतर बुडाली."

"इग्नूचं मुक्त विद्यापीठ कसं?"

"चांगलंच आहे, केंद्र आपल्या गावातच आहे. पण लोकांना वाटतं, पेपर दिला की झालं. एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात ते. वर असाइनमेंट, मग जून-डिसेंबरात परीक्षा. घरी शिकलेल्या पोराला तास मोजायची सवय नसते, ती आता लाव."

"एकाने फोन केला होता, 'दहावी-बारावी एकदम काढून देतो' म्हणून."

"त्याला दारात उभा करू नकोस! फॉर्म ऑनलाइन असतो, पोरालाच भरू दे. जन्मदाखला, आधार, फोटो एका फाइलीत ठेव आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच राहू दे, मुलं त्यातच अडकतात. त्याने काय शिकावं हे त्याला ठरवू दे, पण बारावीचा कागद आणि प्रॅक्टिकल या दोन गोष्टींत सूट देऊ नकोस. घरी शिकून पदवी मिळते, पण फॉर्मची तारीख चुकली तर वर्ष जातं."