योजकराव

योजक दुर्लभ असतो, असे ज्या सुभाषितकाराने म्हणून ठेवले, त्याला पुण्यात कोथरूडास बिऱ्हाड करण्याचा योग आलेला नसावा. कारण तो आला असता, तर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि दोन अपरिचित माणसे जवळजवळ उभी दिसताच त्यांची गाठ घालून दिल्यावाचून ज्यांना अन्न गोड लागत नाही, असे किमान चार योजक त्याला एकाच सोसायटीत भेटले असते. ह्या जातीचे शिरोमणी म्हणजे आमचे योजकराव.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी त्यांच्या दिवाणखान्यात आठ तरुण आणि आठ मार्गदर्शक ह्यांचा ‘सहेतुक स्नेहमेळावा’ भरतो. निर्हेतुक गप्पांविषयी योजकरावांना तोच तिटकारा आहे, जो कालव्याच्या फुटक्या बांधातून वाहून जाणाऱ्या पाण्याविषयी त्यांना सबंध नोकरीत होता. म्हणून प्रत्येक निमंत्रिताकडून ते आगाऊ लेखी मजकूर मागवितात: आपण काय देऊ शकता, व आपणांस काय हवे आहे. तरुणांना काय हवे ते एका शब्दात मावते, आणि तो शब्द नोकरी हा असतो; मार्गदर्शकांना काय देता येईल ते दोन पानांत मावत नाही, आणि त्यात नोकरीचा उल्लेख कोठेही नसतो. ह्या खलित्यांवरून कोणी कोणास, कोणत्या खिडकीपाशी भेटावे, ह्याचा तक्ता तयार होतो.

पहिल्याच मेळाव्यानंतर सोफ्याची रवानगी गॅलरीत झाली. सोफ्यात एकदा विसावलेला ज्येष्ठ मार्गदर्शक सभा बरखास्त होईपर्यंत उठत नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सापडलेल्या दोघा अभाग्यांखेरीज इतरांना त्याचा लाभ होत नाही, हे निरीक्षण माझ्या मते योजकरावांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणपणाचे होय. फराळाची तजवीजही ह्याच धोरणाने होते. साबुदाणा वडा वर्ज्य, कारण गरम वडा तोंडात असलेल्या मनुष्याला आपला परिचय करून देता येत नाही. चकली वर्ज्य, कारण तिच्या कुरकुरीत समोरच्याचा हुद्दा ऐकू येत नाही. सबब एका घासात निमूटपणे संपणारी सुरळीची वडी. पन्नास वड्या गुंडाळण्याचे काम वहिनींकडे असते आणि त्यांचे नाव तक्त्यात नसते, हे सांगावयास नकोच.

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न विचारण्यास तेथे सक्त मनाई आहे. पूर्वी एकदा तो विचारला गेला, दोघेही मार्गदर्शक चिपळूणचे निघाले, त्यांतील एकाची आत्या दुसऱ्याच्या चुलत घराण्यात दिल्याचे उघडकीस आले, आणि उरलेला सर्व वेळ सोळांपैकी चौदा इसम एका जुन्या वाटणीच्या दाव्याचे श्रोते होऊन बसले.

सर्व मंडळी जमली की योजकराव प्रास्ताविक करतात. १८८७ साली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम अवघ्या एकवीस वर्षांच्या गोपाळराव गोखल्यांकडे कसे आले, न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली त्यांची घडण कशी झाली, आणि १९०१ मध्ये न्यायमूर्ती निवर्तले तोवर ती शागिर्दी कशी अखंड चालली, हे ते अक्षरशः गहिवरून सांगतात. आणि लागलीच, टेबलावरील घंटी वाजवून, प्रत्येक जोडीला सात मिनिटे बहाल करतात. त्यांपैकी पाच मिनिटे मार्गदर्शकाच्या पूर्वायुष्यात जातात, सहावे हल्लीच्या पिढीत चिकाटी नाही ह्या सिद्धान्तात, आणि सातव्यात तरुण अदबीने विचारतो, “सर, लिंक्डइनवर जोडून घ्याल का?” त्यावर सर आपला मोबाईल त्याच्याच हाती देतात आणि ते कसे करावयाचे हे त्याच्याकडून शिकून घेतात. मार्गदर्शन घडते ह्यात शंका नाही. तक्त्यात फक्त त्याची दिशा उलटी नोंदलेली असते.

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुण्यातल्या मुलाला जे मामाच्या घरी चहा पिता पिता फुकट मिळते, म्हणजे कोणत्या कचेरीत कोण बसतो आणि त्याच्याशी काय बोलावे, ते परभणीहून आलेल्या आणि ह्या शहरात एकही मामा नसलेल्या मुलीला कोण देणार? योजकराव तिला आठ मामा एकदम पुरवितात. त्यांतले सात निरुपयोगी निघतात, परंतु हे प्रमाण सख्ख्या मामांतही फारसे वेगळे नसते.

योजकरावांचे चिरंजीव स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत तीन वर्षे आतल्या खोलीत होते. वडिलांचे मार्गदर्शन त्यांना पुरेसे झाले असल्याने ते मेळाव्यात येत नसत. खाली पाहुण्यांच्या गाड्या लावून देण्याची कामगिरी मात्र त्यांनी खुशीने पत्करली होती. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका कारखानदाराची मोटार चिंचोळ्या गल्लीतून त्यांनी अशा कौशल्याने मागे घेतली, आणि तेवढ्यात भांडणाऱ्या दोन रिक्षावाल्यांची अशी समजूत घातली, की त्या गृहस्थाने वर न जाता तेथेच विचारपूस केली व मालवाहतुकीच्या खात्यात त्यांना रुजू करून घेतले.

आजवर त्या दिवाणखान्याच्या निमित्ताने लागलेली ही एकमेव नोकरी. योजकरावांच्या वहीत तिची नोंद नाही, कारण नियम तीन अन्वये यजमानांनी स्वतः करून दिलेली ओळखच ग्राह्य धरली जाते. त्या तारखेखाली त्यांनी एवढेच लिहिले आहे की, मार्गदर्शक क्रमांक पाच पूर्वसूचनेशिवाय गैरहजर, आणि पुढील मेळाव्यापासून गाड्या लावण्यासाठी नव्या इसमाचा बंदोबस्त करावा.