गिगाबिटपंत

इंटरनेटच्या कंपनीने फुकट बसवून दिलेला राउटर ज्याच्या घरी बिनतक्रार चालू आहे, त्या गृहस्थाने तो बाजूस सारून स्वहस्ते दुसरा निर्माण करण्याच्या खटाटोपात का पडावे, हा प्रश्न सामान्य संसारी मनुष्यास पडतो. परंतु गिगाबिटपंतांना तो विचारणे म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला खानावळीचा पत्ता सांगण्यासारखे आहे. परक्याने दिलेल्या पेटीत आत काय चालते याचे जाबजबाब घेता येत नाहीत, एवढ्या एकाच आरोपावरून पंतांनी ती बडतर्फ केली.

असा एक तरी पंत पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत असतोच. वय पन्नाशीच्या आगेमागे, चष्मा कपाळावर, खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. आणि जुना संगणक भंगारात घालणे त्यांना वडिलार्जित जमीन विकण्याइतके पातक वाटते. बोलणे सुरू झाले की तिसऱ्या वाक्याला ते 'बस'वर येतात. नवख्याला वाटते, स्वारगेटचा विषय निघाला; पण ही बस म्हणजे संगणकाच्या पोटातली, कार्डांची माहिती वाहून नेणारी वाट.

मग पंत त्याला आपल्या बालपणीच्या वाड्यात नेतात. "नळ एक आणि बिऱ्हाडे सात. ही तुमची जुनी पीसीआय!" 1992 साली अवतरलेली, 32 बिट रुंदीची आणि 33 मेगाहर्ट्‌झ गतीची ही वाट सेकंदाला 133 मेगाबाइट वाहून नेते खरी, पण ते पाणी अवघ्या वाड्याचे, एकेका बिऱ्हाडाचे नव्हे. गिगाबिटचा भरला ओघ एका दिशेनेच 125 मेगाबाइटांचा. शिवाय राउटरचा धर्मच असा की एका कार्डातून आलेला ऐवज दुसऱ्या कार्डातून बाहेर रवाना करायचा, म्हणजे तीच घागर चौकातून दोनदा न्यायची. मागणी 250 ची नि पुरवठा 133 चा, "मग सातव्या बिऱ्हाडाने आंघोळ करायची केव्हा?" हा पंतांचा सवाल बिनतोड असतो, हे मलाही कबूल आहे. पीसीआय-एक्सप्रेसमध्ये ज्याचा त्याचा नळ स्वतंत्र: पहिल्या पिढीच्या एकाच लेनला जाता 250 आणि येता 250. हे सांगताना पंतांच्या मुद्रेवर नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्याची प्रसन्नता पसरते.

घात केला तो तिसऱ्याच भाऊबंदाने. पीसीआय-एक्स म्हणून एक 64 बिटांचे, सर्व्हरांत नांदणारे घराणे आहे. नाव एक्सप्रेसच्या नावाशी मिळतेजुळते, पण सोयरीक शून्य. पंत डेक्कन क्वीनने मुंबईस गेले, लॅमिंग्टन रोडवर (ज्याचे डॉ. भडकमकर मार्ग हे दप्तरी नाव पाटीबाहेर क्वचितच ऐकू येते) तासभर घासाघीस करून एक्सप्रेसची दोन कार्डे घेतली आणि घरी पुडके सोडून पाहतात तो आत एक्सची! दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, एक्सच म्हणालात ना?" पंतांच्या वर्णोच्चारांच्या शुद्धतेविषयी घेतली गेलेली ही पहिलीच शंका.

आता गंमत अशी की ती लांबलचक कार्डे जुन्या पीसीआयच्या खाचेत, अर्धे अंग बाहेर लोंबकळत ठेवून, बसतातही आणि चालतातही. मात्र त्याच सामायिक नळाच्या धारेने. अखेर माळ्यावरचा जुना संगणक उतरवला गेला आणि ज्या बसची निंदा करण्यात पंतांनी सहा महिने वेचले, तिच्याच आश्रयाला त्यांचा राउटर गेला. मी भीतभीत विचारले, "पंत, तुमच्या घरी इंटरनेट येते तरी किती वेगाने?"

"शंभर मेगाबिट," ते तुटकपणे म्हणाले.

म्हणजे साडेबारा मेगाबाइट. घागर दोनदा नेली तरी पंचवीस. वाड्याचा नळ धो धो वाहत होता आणि अंघोळीला माणूस एकच होता.

हे यंत्र अहोरात्र 80 वॅट खाते. महिन्याकाठी सुमारे 58 युनिट. विजेचे बिल आले तेव्हा मोठा तंटा होईल अशी माझी अटकळ होती, पण वहिनी काही बोलल्या नाहीत. माघातल्या थंडीत त्यांनी विरजणाचे पातेले मुकाट्याने त्या पेटीच्या मागे, पंख्याच्या उबेत नेऊन ठेवले. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी वाटीभर माझ्यापुढे केले. दही कवडीदार लागले होते.