हरकतकाका

सरकारी जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या टाइपात एक ओळ असते : ‘या आराखड्याबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना अमुक दिवसांच्या आत मागवण्यात येत आहेत.’ शहाणी माणसं ही ओळ वाचत नाहीत. ज्या खात्यानं ती छापली तिथंही ती कोणी वाचत नाही; मागच्या जाहिरातीतून ती आपोआप पुढच्या जाहिरातीत उतरते. पण दर शहरात एक तरी गृहस्थ असा निघतो, की त्याला ती ओळ म्हणजे आपल्या नावानं आलेलं पत्र वाटतं. सरकारनं आपणहून विचारलंय, उत्तर दिलं नाही तर बरं दिसेल का? दिल्लीतला या जातीचा अस्सल नमुना सरोजिनी नगरात सापडतो आणि तो मराठी आहे. गणपतीत जमणारी आमची मंडळी त्यांना हरकतकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका.

काका एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून दिल्लीत आले आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात गेली. (त्यांच्याहून जुनी मंडळी या भागाला अजून विनय नगर म्हणतात आणि काका त्यांना दर वेळी दुरुस्त करतात.) निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, मुलानं नोएडात फ्लॅट घेतला. २०१६ साली केंद्र सरकारनं सरोजिनी नगरसकट सात सरकारी वसाहती पाडून नव्यानं बांधायचं ठरवलं, तेव्हा त्या जुन्या क्वार्टराचंही भवितव्य ठरलं. काकांचं जाणं मात्र थांबलं नाही. मयूर विहारला गाडी बदलायची, पिंक लाइन धरायची, सरोजिनी नगरला उतरायचं आणि दोनशे रुपयांच्या टॉपसाठी बाजारात घुसणाऱ्या मुलींच्या लोंढ्यातून उलट्या दिशेनं चालत नाला गाठायचा. खांद्याला कुठल्याशा परिसंवादात मिळालेली पिशवी. तिच्यात दिल्लीच्या नाल्यांच्या १९७६ च्या नकाशाची झेरॉक्स, कोरे फुलस्केप कागद आणि स्वतःचा स्टेपलर. सरकारी स्टेपलरवर त्यांचा विश्वास नाही. तो त्यांनी आयुष्यभर वापरलेला आहे.

नाला म्हणजे कुशक नाला. तीन मूर्तीच्या आवारात फिरोजशाह तुघलकाचा शिकारीचा वाडा आहे, कुश्क महाल. त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या टेकड्यांच्या, उतारावरचं पावसाचं पाणी घेऊन हा प्रवाह आयएनएच्या बाजूला येतो. तिथं तो झाकला आणि १९९४ साली वर दिल्ली हाट हा बाजार उभा राहिला. तिथं वडापाव खाणाऱ्या मराठी माणसाला आपल्या खुर्चीखालून काय वाहतंय ते माहीत नसतं, आणि काका बरोबर असले तर खाता खाता कळतं. पुढं तो बारापुल्ला होतो आणि निजामुद्दीनच्या पलीकडं यमुनेला मिळतो. वजीराबाद ते ओखला या बावीस किलोमीटरांत यमुनेची जी दशा होते, त्यात दिल्लीच्या अशा बावीस नाल्यांचा हात आहे.

काकांच्या मते कुशकला नाला म्हणणं हीच मुळात सेवाशर्तींची पायमल्ली आहे.

‘रिव्हर्शन झालंय त्याचं,’ ते समजावतात. ‘मूळचा ओढा. कोणीतरी कागदावर ड्रेन लिहिलं आणि खालच्या पदावर आणला. चार्जशीट नाही, चौकशी नाही, म्हणणं मांडायची संधी नाही.’

‘पण काका, त्यात घाण पाणी आहे.’

‘ती बॅकडोअर एन्ट्री! पावसाचं पाणी हे रेग्युलर केडर. चार महिने कामावर, आठ महिने रजेवर, नियमानुसार. सांडपाणी मागच्या दारानं शिरलं आणि आता बारा महिने तेच खुर्चीवर. काढायला गेलात तर म्हणेल, इतकी वर्षं झाली, मला कायम करा.’

हसू येतं, पण दिल्लीतल्या अर्ध्याअधिक प्रेझेंटेशनांपेक्षा या बोलण्यात जलशास्त्र जास्त आहे. कागदोपत्री दिल्लीत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मैलापाण्याच्या वेगळ्या. प्रत्यक्षात दुसऱ्याचं पाणी पहिल्यात येतं. ते सगळं अडवलं तर कुशक उन्हाळ्यात कोरडा पडेल, आणि नदी म्हणून फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना दगड दिसतील. म्हणून काकांचा तोडगा असा, की सांडपाणी तिथल्या तिथं वळवून दगडगोट्यांच्या बांधांवरून सावकाश सोडायचं, पाणकणसाच्या मुळांतून जाऊ द्यायचं आणि निवळलं की परत प्रवाहात घ्यायचं. वसंत कुंजजवळ नीला हौजमध्ये प्राध्यापक सी. आर. बाबूंच्या मार्गदर्शनाखाली अशी पाणथळ जागा केलेली आहे. काका तिथं इतक्यांदा जाऊन आलेत की चौकीदार त्यांना खात्याचा माणूस समजून सलाम करतो. काका सलाम घेतात. हा एक गैरव्यवहार त्यांच्या नावावर आहे.

आता जनसुनावणी. काकांचं खरं दर्शन तिथंच घडतं.

स्थळ बारातघर. लग्नातल्या सोनेरी खुर्च्या, पुढं पडदा, मागं समोसे. विषय : नाल्याचं पुनरुज्जीवन, काठानं हिरवा पट्टा, लोकसहभाग. कन्सल्टंट हा तरुण मुलगा असतो आणि त्याच्या पडद्यावर नितळ निळं पाणी, सायकलवरची गोरी माणसं आणि राजहंस असतात. पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, काका. राजहंस येईपर्यंत ते गप्प असतात.

‘हा पक्षी कुठून आला?’

‘सर, दॅट इज ओन्ली इंडिकेटिव्ह.’

‘आणि पाणी?’

‘पाणी पण, सर.’

काका ‘इंडिकेटिव्ह’ लिहून घेतात. इथवर सभा त्यांच्या बाजूनं असते. पण काका आपल्या फुलस्केपातल्या परिच्छेद दोनकडे येतात, मग तीनकडे, आणि तीनमध्ये पोटकलमं असतात. १९७६ च्या यादीत दिल्लीत २०१ नैसर्गिक नाले होते. पुढं तपासणी झाली तेव्हा त्यातले काही जागेवर सापडलेच नाहीत. हे ऐकून लोक चकित होतात. पण मग काका विचारतात, की हरवलेल्या नाल्यांची फिर्याद कोणत्या पोलीस ठाण्यात द्यायची, कारण नाला महापालिकेचा, काठ डीडीएचा, पूल पीडब्ल्यूडीचा, आणि पूर आला तर सिंचन व पूर नियंत्रण खात्याचा. इथं लोक समोशांकडे वळून बघू लागतात. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असून लांबण लावणाऱ्या माणसापुढं काही इलाज नाही.

एकदा एका अधिकाऱ्यानं त्यांना वर्मावर गाठलं. ‘आप रहते कहाँ हैं?’

‘नोएडा.’

‘तो फिर आप स्टेकहोल्डर कैसे?’

सभागृहात खसखस पिकली. काका उठून उभे राहिले. ‘तीस वर्षं,’ ते हिंदीत म्हणाले, पण चढउतार थेट त्यांच्या वाईचे, ‘तीस वर्षं मी या नाल्याचा वास घेतलाय. माझ्या एसीच्या तांब्याच्या नळ्या त्याच्या वायूनं काळ्या पडून गळल्या. आपण इथं किती महिने आहात?’ नाल्याकाठच्या कॉलन्यांत हा एसीचा अनुभव घरोघरी आहे, त्यामुळं टाळ्या पडल्या. अधिकारी चहा प्यायला गेले.

रेसिडेंट्स असोसिएशनचे एक सद्गृहस्थ दर सुनावणीला येतात. त्यांची सूचना कायम एकच : झाकून टाका, वर पार्किंग करा. नदी, ओढा, इतिहास, मासे, कशाचंही उत्तर पार्किंग. काका आणि हे गृहस्थ एकमेकांचे हाडवैरी असून समोसे नेहमी शेजारी शेजारी बसून खातात. मला वाटतं, दुसरं कोणी एवढ्या वेळा येतच नाही, त्याचा हा परिणाम.

एका सुनावणीला काकांनी बाजारातला एक कपडेवाला धरून आणला. पत्रकात लिहिलं होतं ‘सर्व घटक’, आणि फेरीवाल्यांपर्यंत पत्रक गेलंच नव्हतं. दिवसभर ‘दो सौ, दो सौ’ ओरडून त्याचा घसा बसलेला. माइक हातात आल्यावर तो म्हणाला, ‘बाबूजी, पन्नी हम नाले में नहीं फेंकते. हम छोड़ देते हैं, हवा फेंक देती है. गाड़ी आती है दुकान बढ़ाने से पहले, झाड़ू लगती है बाद में. गाड़ी दो घंटे लेट कर दो.’

त्या संध्याकाळची ही एकमेव सूचना, जिला कन्सल्टंट लागत नव्हता, निविदा लागत नव्हती आणि खर्च शून्य होता. ‘नोटेड,’ अधिकारी म्हणाले.

महिन्यानं इतिवृत्त आलं : ‘उपस्थित नागरिकांनी प्रकल्पाचे स्वागत केले.’ काकांनी लगेच पत्र ठोकलं, की मी स्वागत केलेलं नाही, प्रश्न विचारले, सबब शुद्धिपत्र काढावं. बऱ्याच काळानं शुद्धिपत्र निघालं : ‘एका नागरिकाने प्रश्न विचारून प्रकल्पाचे स्वागत केले.’ काकांनी ते लॅमिनेट करून ठेवलंय.

२०१८ च्या जूनमध्ये सात वसाहतींच्या पुनर्विकासासाठी सोळा हजारांहून अधिक झाडं तोडायची असल्याचं कळलं, आणि सरोजिनी नगरात माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. काकांना मानेचा पट्टा होता. त्यांनी कडुनिंबाला एक हात लावला, दुसऱ्या हातानं यादी धरली आणि झाडं मोजत सुटले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तोड थांबली. ‘एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावायची असतात,’ काका सांगतात, ‘म्हणजे तीस वर्षांच्या अंडर सेक्रेटरीच्या जागी दहा अप्रेंटिस. सावलीला कोण बसणार त्यांच्या?’

काकूंचा भाऊ पुण्याचा. तो आला की दोन नद्या जेवणाच्या टेबलावर येतात. मेहुणे मुळा-मुठेच्या चव्वेचाळीस किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाविरुद्ध मोर्चात चाललेले, त्यामुळं त्यांचाही आवाज बसलेला असतो.

‘आमची निदान नदी आहे हो, दाजी.’

‘म्हणून काय झालं? काँक्रीट दोघांनाही सारखंच घालतात.’

मग काका त्यांना बारापुल्ला दाखवायला नेतात. जहांगीरच्या काळात, १६१२ च्या सुमारास, त्याच्या जनानखान्याचा प्रमुख मिहर बानू आगा यानं बांधलेला हा अकरा कमानींचा, बारा खांबांचा पूल. त्याच नाल्यावरून राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २०१० साली उन्नत रस्ता गेला. ‘सोलमध्ये काय केलं माहितीये?’ काका खालून वर खांबांकडं बघत विचारतात. ‘चंग्येचन ओढ्यावरचा असाच उन्नत रस्ता पाडला आणि २००५ साली ओढा उघडा केला. पाच वर्षांनी आपण ओढा पाहून वर रस्ता बांधला.’

‘आता तिथं झुळझुळ पाणी वाहतं म्हणे.’

‘वाहतं. पण पंपानं हान नदीतून आणलेलं. डेप्युटेशनवर.’ काका कोणालाच पूर्ण गुण देत नाहीत, कोरियालासुद्धा.

घरी काकूंनी या सगळ्याशी तह केलेला आहे. ‘अहो, नाल्याला माझा नमस्कार सांगा, आणि येताना आयएनए मार्केटातून कढीपत्ता आणा,’ एवढंच त्या म्हणतात. २०२१ मध्ये दिल्लीच्या २०४१ पर्यंतच्या बृहत् आराखड्याचा मसुदा निघाला, तेव्हा करोनामुळं काका घरात कोंडलेले होते. ते दिवस घरात सर्वांत सुखाचे गेले, असं काकू सांगतात. त्या मसुद्यावर तेहेतीस हजारांच्या आसपास हरकती व सूचना आल्या. त्या सगळ्या काकांच्या नव्हत्या, हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण काकूंनी प्रिंटरची शाई एकदाच आणू दिली.

वनसेवेची नोकरी सोडून ‘यमुना जिये अभियान’ चालवणारे मनोज मिश्र २०२३ मध्ये गेले, तेव्हा काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा फुलस्केप काढला.

काका असह्य आहेत. त्यांच्यामुळं सभा लांबतात, चहा गार होतो, तरुण कन्सल्टंट नोकरी बदलायचा विचार करतात. कुशक नाला अजून काळाच आहे. पण काका नसते तर फायलीत एकच वाक्य लागलं असतं, ‘विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही’, आणि त्या वाक्यावर कुठलाही नाला झाकता येतो.

तेव्हा तुमच्या गावच्या ओढ्याबद्दल, नदीबद्दल ती बारीक टाइपातली ओळ दिसली तर एक कागद जरूर पाठवा. चार ओळी पुरतात. पोटकलमं काकांवर सोडा. हातानं देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर डायरी नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोस्टानं पाठवलात तर पावती जपून ठेवा. काका भेटले की पहिल्यांदा तीच मागतील.