यजमानांची पंगत

१५ सप्टेंबर २०१७ ला अख्ख्या महाराष्ट्राला फुटबॉल खेळवायचं सरकारनं मनावर घेतलं. लगेच ऑक्टोबरात भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक. आपला गट : अमेरिका, कोलंबिया, घाना. यजमान म्हणून पात्रता फेरी न खेळताच पंगतीत बसलो, ९ गोल खाल्ले. वाढला एकच, कोलंबियाला, जॅक्सन सिंगनं. २०२२ ला मुलींच्या विश्वचषकात वाट्याला अमेरिका, मोरोक्को, ब्राझील : खाल्ले १६, वाढला एकही नाही. ‘गट अवघड होता,’ हे आपलं ठरलेलं उत्तर. धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीच्या पारावर मात्र कुणी तरी तंबाखू मळत म्हणणारच, ‘गट कशाचा अवघड? आपणच सोपे!’ आणि त्याच धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी. तिथं चेंडूच लागत नाही.