जादा पेट्रोलवाला

जादा पेट्रोलवाला ही नवी मुंबईत वाशीपासून कामोठ्यापर्यंत सर्वत्र आढळणारी पुरुषांची एक जात आहे. वय पस्तीस ते पंचेचाळीस, नोकरी ऐरोली-महापेच्या एखाद्या काचेच्या इमारतीत, गाडी बुलेट किंवा हिमालयन, आणि गाडीच्या दोन्ही अंगांना पाच-पाच लिटरचे कॅन. एरवी तो रविवारी सकाळी पाम बीच रस्त्यावर दिसतो. जून लागला की त्याला लेह-लडाखचे वेध लागतात. त्याचे सगळे तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावते: 'असलेलं बरं.'

पेट्रोल कशातून न्यायचे यावरून या जातीचे तीन भेद पडतात. पहिला बाटलीवाला. पंपावर 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही' ही पाटी वाचून तो घरी येतो आणि स्वतःच्याच टाकीतून नळीने बाटली भरतो. एकूण पेट्रोल तेवढेच राहते, पण त्याला आधार वाटतो. दुसरा डबेवाला; हा गोडेतेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा धुऊन घेतो. तिसरा आणि सर्वांत प्रगत तो कॅरिअरवाला. त्याच्याकडे पत्र्याचा कॅन, लोखंडी कॅरिअर आणि कोणी विचारलेच तर सांगायला दोन्हींच्याही किमती असतात.

कायदा या तिसऱ्याच्या बाजूने आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम 8 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे. भांडे धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत, काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एकच लिटर. प्लॅस्टिकचे नावही त्या कलमात नाही. म्हणजे आजीची लोणच्याची लिटरभर बरणी या कलमात बसते आणि गोडेतेलाचा डबा बसत नाही. ही माहिती बाटलीवाल्याला देऊ नये. तो बरणी बांधून निघेल. घरचा कायदा याहून कडक असतो. 'तो डबा उंबऱ्याच्या आत येणार नाही' या एका कलमामुळे भरलेला कॅन निघण्याच्या दिवसापर्यंत घरात येत नाही आणि पार्किंगमध्ये ठेवला तर सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी येते.

जादा पेट्रोलची खरी गरज मनाली-लेह रस्त्यावर पडते. केलाँगच्या अलीकडे टांडी येथे पंप आहे आणि पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. जुन्या हिमालयनची टाकी 15 लिटरची. ॲव्हरेज तीसचे धरले तर 450 किलोमीटर होतात, म्हणजे कॅन लागतच नाही. पण लांबच लांब चढ, खालचे गिअर, पाठीमागचे सामान आणि विरळ हवा यांनी ॲव्हरेज चोविसावर आले तर 360 किलोमीटरलाच टाकी कोरडी पडते. तेव्हा पाच लिटर जादा असणे शहाणपणाचे आहे. ते टांडीला भरावे. जादा पेट्रोलवाला मात्र दहा लिटर वाशीलाच भरतो आणि टांडीपर्यंतचे सुमारे दोन हजार किलोमीटर शेकडो पंपांसमोरून मिरवत नेतो. कारण विचारल्यास 'बाहेरच्या पेट्रोलचा भरवसा नाही' असे सांगतो.

नेण्याचे नियम थोडे आहेत. कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावा आणि पंपाची नळी त्याच्या धातूच्या तोंडाला टेकलेली असावी, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. कॅन काठोकाठ भरू नये; उन्हाने पेट्रोल फुगते. पाच हजार मीटरांच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे खाडीकाठी घट्ट लावलेले झाकण तंगलंग ला खिंडीत फुसकन उघडते. ते गाडी बंद करून, विडी-सिगारेट आणि चुलीपासून दूर जाऊन, हळूहळू सैल करावे. दहा लिटरचे वजन सुमारे साडेसात किलो भरते. ते दोन्ही बाजूंना सारखे, शक्य तितके खाली आणि सायलेन्सरपासून लांब बांधावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते, म्हणून कॅन तंबूत किंवा खोलीत घेऊ नये. रिकाम्या कॅनलाही हाच नियम, कारण आत वाफ उरलेली असते.

हे सर्व नियम जादा पेट्रोलवाल्याला तोंडपाठ असतात. त्याला झेपत नाही तो शेवटचा नियम: टाकीत पाच लिटरची जागा झाली की कॅन तिच्यात ओतून मोकळे व्हावे. पेट्रोलला गाडीच्या टाकीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. पण कॅन रिकामा झाला तर पुढच्या वळणावर काय करायचे, या चिंतेने तो टाकी रिझर्व्हवर आणतो, जीव मुठीत धरून लेहच्या अलीकडचा कारूचा पंप गाठतो आणि कॅन शाबूत ठेवतो.

त्याचा उपयोग होतो तो इतरांना. याच रस्त्यावरच्या मोरे मैदानात टाकी आटलेला एखादा पोरगा रस्त्याकडेला दिसला की हा थांबतो, दोन लिटर ओततो आणि त्याबरोबर नियोजनावर अर्ध्या तासाचे व्याख्यान देतो. पैसे मात्र कधीच घेत नाही.

परतीला गाडी रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी रिकामी करावी लागते आणि कॅनला प्रवेशच नसतो. रेल्वेत धोकादायक माल बेकायदा नेल्यास 1989 च्या रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चंदीगडच्या स्थानकाबाहेर वाशीचे पेट्रोल एखाद्या अनोळखी स्कूटरवाल्याला फुकट मिळते.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने पाच लिटर धातूच्या कॅनमध्ये घ्यावे, शेवटच्या पंपावर भरावे आणि जागा होताच टाकीत ओतावे. सोबतीला जादा पेट्रोलवाला असेल तर तेही घेऊ नये.