४५ किलो ३६० ग्रॅम

फाशी रानटी की इंजेक्शन मानवीय, याचा निकाल सध्या टीव्हीवर रोज रात्री नऊला लागतो. परवा एक तज्ज्ञ म्हणाले, दोराने माणसाची प्रतिष्ठा जाते, सुईने राहते. माणूस जाणार, याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होते.

आम्ही दोराच्या बाजूचे. दोरामागे गणित आहे. तुरुंगाच्या नियमावलीतला तक्ता बघा. कैदी ४५.३६० किलोपेक्षा हलका असेल तर त्याला २.४४० मीटर खाली सोडायचे, ९०.७२० किलोच्या वर असेल तर १.८३० मीटर. पंचेचाळीस नाही, साडेपंचेचाळीस नाही, ४५ किलो ३६० ग्रॅम! साहेबाने रेघ मारली होती शंभर पौंडांवर. साहेब गेला, पौंड गेला, पण आमच्या कारकुनाने ते शंभर पौंड इमानेइतबारे ग्रॅमपर्यंत उतरवून घेतले. आता समजा, एखादा कैदी ४५ किलो ३०० ग्रॅमचा आहे. शेवटच्या जेवणात त्याने एक भाकरी जास्त खाल्ली की तो वरच्या स्लॅबमध्ये गेला आणि दोर पंधरा सेंटिमीटरने आखूड झाला. शिवाय आधी रंगीत तालीम असतेच, त्याच्या दीडपट वजनाचे वाळूचे पोते लटकवून.

या देशात एरवी कोणाचे वजन इतके चोख होते? ऊस काट्यावर चढला की काटा मारला जातो. कांदा बाजारात उतरला की कडता कापला जातो. रेशनचे पाच किलो घरी येईपर्यंत साडेचार होतात. अंगणवाडीतल्या पोराचे वजन रजिस्टरात वाढते, अंगावर नाही; आणि त्या रजिस्टरावर सही करणाऱ्याला ग्रॅम सोडा, किलोचाही जाब कोणी विचारत नाही! तेच पोर उद्या फासावर चढले तर मात्र सरकार त्याला तीन दशांश स्थळांपर्यंत तोलेल. हलक्याला लांब दोर, हे भौतिकशास्त्र झाले. पण फाशीच्या कोठड्यांत बहुतेक गरीबच असतात, हे कुठले शास्त्र? जन्मभर ज्याला मापात मारले, त्याला शेवटी दोर तेवढा भरपूर.

सुईवाल्यांनी अमेरिकेकडे बघावे. तिथे १८९० मध्ये विजेची खुर्ची आली, १९२४ मध्ये विषारी वायू, १९८२ मध्ये इंजेक्शन, २०२४ मध्ये नायट्रोजन. प्रत्येक वेळी सांगितले, आता दुखणार नाही. इतकी प्रगती झाली की २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलिनात पुन्हा बंदुका काढल्या.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये फौजदारी कायद्यांची नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. मरेपर्यंत गळफास तेवढा तसाच राहिला.

आणि एवढे तोलूनमापून तक्ता चुकला तर? त्याचीही सोय आहे. कैदी मान मोडून गेला की गुदमरून, ते कळावे म्हणून फाशीनंतर शवविच्छेदन २०१४ पासून सक्तीचे आहे.