तिरस्काराची प्रतवारी

मनुष्याची योग्यता त्याला किती लोक मान देतात यावरून ठरत असेल तर ठरो बापडी. माझ्या मते ती, त्याचा तिरस्कार करण्याची तसदी किती लोक घेतात यावरून ठरते, आणि या हिशेबाने माझ्या खात्यातील शिल्लक फारच बेताची आहे. नामांकित लेखकांना शत्रू असतात, माझे लेखन वाचून लोक "असं का? छान, छान," म्हणतात आणि यंदाच्या पावसाकडे वळतात.

या "छान, छान"ची प्रत कोणती हे ठरविण्यासाठी, जमाबंदीच्या कारकुनाने जमिनीची पाहणी करावी तसा, मी अवमानवाचक शब्दांचा सारा मुलूख पायाखाली घातला. हेटाळणीत निदान हसू असते, पाणउताऱ्याला चारचौघांची हजेरी लागते, आणि कस्पटासमान लेखणाऱ्यालाही आधी कस्पट दिसावे लागते. अवज्ञेचा प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी प्रथम आज्ञा करण्याचा अखत्यार हवा, आणि तो आमच्या घरात मजकडे कधीच नव्हता.

मन गुंतले ते तिरस्कारात. 'तिरस्' म्हणजे आडवे, दृष्टीआड. त्याच कुळातील तिरस्करिणी म्हणजे पडदा, आणि अमरकोशाने तिला जवनिकेच्या पंक्तीला बसविले आहे. कालिदासाची उर्वशी तिरस्करिणी विद्येने अदृश्य होऊन पुरूरव्याचे बोलणे ऐकते, आणि तो बिचारा बोलत असतो तिच्याच विरहाविषयी! म्हणजे खरा तिरस्कार करणारा पडद्याआड कान टवकारून उभा असतो, हे माझ्या ध्यानी आले, आणि या शोधाने मी इतका हर्षभरित झालो, की आमच्या आळीतील एका धनाढ्य गृहस्थांना त्याच दिवसापासून ओळख देईनासा झालो व ते काय बोलतात याकडे चोरून लक्ष ठेवू लागलो. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतः घरी येऊन, "तुमचा चष्मा बदलायला झालाय हो," असे मोठ्या ममतेने सांगितले आणि आपल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठीही दिली.

राहिली उपेक्षा. पतंजलीने सुखी माणसाशी मैत्री, दुःखितावर करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा, असा चित्तशुद्धीचा क्रम सांगितला आहे. तेव्हा माझे टीकाकार योगाभ्यास करीत असून माझे वाङ्मय पापाच्या सदरी जमा आहे, हे ओघानेच आले.

पण ही सारी चैन पोट भरलेल्या माणसाची. तोलामोलाच्या माणसासाठी आपण अनादर, अवहेलना, अधिक्षेप असे भरजरी शब्द राखून ठेवतो. दारी आलेल्या गरिबाला मात्र कुत्र्याला हाकलण्याचे 'हाड' पुरते, आणि ते उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही, याची मला मनापासून चीड येते. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो शब्द माणसांवर चालविला, त्यांच्यापुढे त्यांचाच शब्द ठळक टायपात येऊन उभा राहिला.

असो. वाचकांस सविनय विनंती एवढीच, की प्रस्तुत लेख न रुचल्यास कृपा करून मौन धरू नये. संपादकांकडे पूर्ण नावानिशी खरमरीत पत्र धाडावे, आणि विशेषणे शक्यतो संस्कृत योजावीत.